बेचकीचं हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘पक्षी’ या विषयावर बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माझ्या कवितेतली पाखरं असणार. कवीच्या झोळीत एखादा पारवा, एखादी साळुंकी असतेच असा आपल्याकडे समज आहे आणि तो फारसा चुकीचाही नाही. पण मी बोलणार आहे कोंबडीवर. माझी खरी, हाडामांसाची ओळख असलेलं पाखरू तेवढंच.

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावची मुलाणकी आमच्या घराकडे होती. नव्या पिढीला हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. मुलाणी हा गावगाड्यातला एक बलुतेदार. गावात कुणाच्याही घरी कोंबडं किंवा बकरं कापायचं असलं, की मुलाण्याला बोलावणं जायचं. घर पाटलाचं असो, धनगराचं असो की तेल्याचं. सुरी आमच्या अब्बांच्या हातातली. जत्रेच्या दिवशी ते पहाटे बाहेर पडायचे ते ऊन डोक्यावर आलं तरी परतायचे नाहीत. मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून, म्हणजे १९८० च्या आसपास, पिशवी धरून त्यांच्यामागे हिंडायचो. कविता पुष्कळ नंतर आली. आधी मी कोंबडी सोलायला शिकलो.

त्या कामात हात बरंच काही शिकतात. कोंबडीच्या पायांवर खवले असतात, सरड्याच्या अंगावर असतात तसे. पुढे तीन बोटं, मागे एक. तोडलेल्या पायातली पांढरी शीर ओढली की बोटं मिटतात. आम्ही पोरं तो पाय घेऊन एकमेकांना भिववत असू. हाड मोडलं तर आत पोकळ. पंखाच्या टोकाशी आपल्या बोटांसारखी चिमुकली हाडं, पण एकमेकांत मिसळून गेलेली. पोटात दाणे भरडायची एक जाड पिशवी असते. ती चिरली की आत बारीक खडे निघतात. आणि मानेच्या मुळाशी, छातीच्या तोंडावर, गलोलीच्या बेचकीसारखं एक हाड. ते स्वच्छ धुऊन आम्ही भावंडं दोन टोकांनी ओढायचो. मोठा तुकडा ज्याच्या हातात राहील तो जिंकला.

एकदा अब्बांना विचारलं, ‘‘हे हाड कशाला असतं?’’ ते म्हणाले, ‘‘दोन्ही पंख एकमेकांवर येऊ नयेत म्हणून. मध्ये आडसर नको?’’ अब्बांची शाळा चौथीपर्यंत. हे उत्तर लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

पुढे दहावीला शास्त्र सुटलं. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, नोकरीसाठी सांगलीत आलो आणि ते हाड विसरलो. ते पुन्हा आठवलं २०२३ साली. माझी पुतणी तेव्हा साताऱ्यात दहावीला होती. तिच्या शास्त्राच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. सुट्टीत आली तेव्हा तिने पुस्तक पुढे करून विचारलं, ‘‘मोठे अब्बा, डायनोसॉरपासून पाखरं झाली म्हणतात. मग आपल्या अजिंक्यताऱ्यात असं एखादं अर्धं पाखरू सापडेल का?’’ त्याच वर्षी एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाल्याची बातमी सगळीकडे होती. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, असा खुलासाही झाला. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? माझ्यासारख्यांचं शास्त्र दहावीलाच संपतं. त्या वेळी जे कानावर पडलं नाही, ते पुढे पडेलच असं नाही. म्हणून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते सांगतो.

पहिलं उत्तर निराशेचं. अजिंक्यताऱ्यात पाखरू सापडणार नाही. सज्जनगडात नाही, मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरातही नाही. जीव मेला, त्याच्यावर गाळ बसला, गाळाचा दगड झाला, तर त्या दगडात जीवाचा ठसा राहतो. आपला काळा कातळ गाळाचा नाही, तो लाव्ह्याचा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून वितळलेला खडक वाहत आला, थरावर थर चढले आणि आजचं पठार झालं. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. सांगलीची काळी कसदार जमीन त्याच कातळाची झिजून झालेली माती. उकळत्या खडकात पाखराचं काय उरणार? दोन लाव्ह्यांच्या मध्ये जिथे तळी साचली तिथे क्वचित काही वाचलं. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा थरात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्या बेडकाचं बारसंही केलं. पण पाखरू त्यात नाही.

हा ओवेन पुन्हा भेटणार आहे, जर्मनीतल्या एका दगडापाशी.

आपल्याकडे शहाबादी फरशी असते ना, तशीच थरांनी सुटणारी, पण फिकट पिवळसर आणि फार बारीक पोताची फरशी जर्मनीत बव्हेरियातल्या सोलनहोफेन गावाजवळ निघते. १७९६ साली आलॉइस झेनेफेल्डर याने दगडावरून छपाई करायची युक्ती काढली, तिला हा दगड फार मानवला. त्यातूनच ‘लिथोग्राफी’, आपल्याकडची शिळाछाप. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. उर्दू किताबा तर पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ शिळेवरच छापल्या गेल्या, कारण कातिबाच्या हातचं वळण खिळ्यांना साधत नाही. आमच्या आजोबांकडची अशी एक किताब माझ्याकडे अजून आहे. पानं तपकिरी झाली, पण बोरूचा फराटा कुठे जाड होतो, कुठे बारीक, ते आजही दिसतं.

या छपाईच्या दगडाची मागणी वाढली म्हणून सोलनहोफेनच्या खाणी जोरात चालल्या, आणि १८६१ साली तिथल्या एका फरशीवर एक पीस दिसलं. एकच पीस, मधली काडी, दोन्ही बाजूंचे केस, सगळं शाईने छापल्यासारखं. हेरमान फोन मायर याने त्या जीवाचं नाव ठेवलं ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’, म्हणजे शिळाछापाच्या दगडातलं आदिम पीस. शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या नावांत मला हे फार आवडतं. त्याच वर्षी पुढे आख्खा सांगाडाही मिळाला. तो एका डॉक्टरकडे उपचाराच्या मोबदल्यात आला आणि त्याने तो इतर नमुन्यांसह सातशे पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. त्याचं वर्णन १८६३ साली केलं ते ओवेननेच.

तो जीव दीड अब्ज नव्हे, पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर पक्ष्याची पिसं, पण जबड्यात दात. पंखाला तीन मोकळी बोटं आणि त्यांना नख्या. मागे सरड्यासारखी हाडांची लांब शेपटी. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. दोनच वर्षांत असा जीव समोर आला. ओवेनला डार्विनचं म्हणणं पटत नव्हतं, त्याने याला सरळ पक्षी ठरवून टाकलं. थॉमस हक्सलीने मात्र त्याच खाणींच्या मुलखात मिळालेल्या एका कोंबडीएवढ्या डायनोसॉरकडे बोट दाखवलं. त्याचं नाव कॉम्प्सोग्नाथस. पाय, घोटा, कंबर पाहा, हक्सली म्हणाला, पक्षी आणि डायनोसॉर जवळचे भाऊबंद आहेत. ही १८६८-७० ची गोष्ट. इथेच निकाल लागायला हवा होता. पण लागला नाही, आणि आड आलं ते आमचं बेचकीचं हाड.

झालं असं. डेन्मार्कमध्ये गेऱ्हार्ड हाइलमान नावाचा एक चित्रकार होता. त्याने पक्ष्यांच्या उगमावर वर्षानुवर्षं अभ्यास करून सुरेख चित्रांचा एक ग्रंथ लिहिला. १९२६ साली तो इंग्रजीत आला. त्याने पानोपानी दाखवलं की पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांची हाडं जुळतात. पण शेवटी एका ठिकाणी तो अडला. बेचकीचं हाड म्हणजे मुळात गळ्याच्या दोन हाडांची जोड. डायनोसॉरना गळ्याची हाडंच नसतात, असं तेव्हा समजलं जाई. एकदा वंशातून नाहीसा झालेला अवयव पुन्हा उगवत नाही. तेव्हा डायनोसॉर पूर्वज नव्हेत, पूर्वज कुणीतरी आणखी जुना. युक्तिवाद बिनचूक, फक्त पहिली माहिती चूक! पुढची चाळीस वर्षं बहुतेकांनी तेच खरं मानलं.

आणि गंमत, खरं तर दुःख, पाहा. ते हाड १९२४ सालीच छापून आलेलं होतं. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात १९२३ साली अमेरिकन मोहिमेला एक चोचीचा डायनोसॉर मिळाला. त्याच्या छातीशी ही बेचकी होती, चित्रातही काढलेली होती, पण ते दुसरंच हाड समजलं गेलं. १९८३ साली मंगोलियाच्या बार्सबोल्ड यांनी ते ओळखलं. आता तर टायरॅनोसॉरससारख्या धिप्पाड जनावराच्या गळ्याशीही ती सापडली आहे. कोंबडी सोलणारं एखादं पोर त्या संग्रहालयात असतं तर काम लवकर झालं असतं, असं मनात येतं खरं. पण ते सोडा. चूक दिसल्यावर शहाणं होणं सोपं असतं.

त्या चोचीच्या डायनोसॉरवर आणखी एक अन्याय झाला. तो अंड्यांच्या ढिगाजवळ मिळाला. अंडी दुसऱ्याच जातीची आहेत असं समजून त्याला नाव दिलं गेलं ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडीचोर. सत्तर वर्षं तो पुस्तकांत चोर म्हणून वावरला. मग १९९३ साली गोबीतच तशाच एका अंड्यात पिल्लू मिळालं आणि ते निघालं याच्याच कुळातलं. त्याच कुळातली एक मादी म्हणा, नर म्हणा, चक्क अंड्यांवर बसलेल्या स्थितीत मिळाली. पाय दुमडलेले, दोन्ही हात अंड्यांवरून पसरलेले. खुडूक कोंबडी टोपलीत बसते तशी. वाळूने तिला आहे तिथे गाडलं, ती उठली नाही. चोर ठरवलेला तो जीवही बहुधा आपल्याच घरट्याशी होता. पण प्राण्यांच्या नावांचा नियम असा की एकदा पडलेलं नाव बदलत नाही. गुन्हा खोटा ठरला तरी नाव अंडीचोरच. गावात एखाद्या घराण्याला असाच आळ चिकटलेला मी पाहिला आहे. तिथे तर पुरावा पाहायलाही कुणी परत येत नाही.

हक्सलीचं म्हणणं पुन्हा उभं केलं जॉन ऑस्ट्रॉम यांनी. हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे. त्यांना १९६४ साली मॉन्टाना राज्यात डायनोनायकस हा चपळ शिकारी मिळाला. त्याचं मनगट त्यांना विलक्षण वाटलं. त्यात अर्धचंद्रासारखं एक हाड होतं आणि त्यामुळे हात बाजूला दुमडता येत होता, कोंबडी पंख मिटते तसा. आर्किऑप्टेरिक्सचं मनगटही तसंच. ऑस्ट्रॉमनी एकेक हाड पुढे ठेवत दाखवलं की पक्षी डायनोसॉरांच्याच पोटातले आहेत. १९७० साली हॉलंडमधल्या हार्लेमच्या संग्रहालयात त्यांना एक फरशी दिसली. चिठ्ठी होती उडत्या सरड्याची, पण उजेडात तिरपी धरली तर पिसांच्या पुसट रेघा. गप्प राहून अभ्यासाला मागून घेता आली असती. त्यांनी खरं सांगून टाकलं. अधिकाऱ्याने फरशी उचलली आणि तो आत निघून गेला. ऑस्ट्रॉमना वाटलं, गेली हातची. तो परत आला तो फरशी बुटाच्या खोक्यात घालून, सुतळीने बांधून. म्हणाला, घेऊन जा. त्यांना ते आर्किऑप्टेरिक्स वाटलं. २०१७ साली दुसऱ्या अभ्यासकांनी ते वेगळ्या जातीचं ठरवलं आणि त्या जातीचं नाव ठेवलं ‘ऑस्ट्रोमिया’.

तरीही लोक म्हणायचे, हाडं जुळतात हे खरं, पण पिसं कुठे आहेत? पिसं मिळाली चीनमध्ये. लिआओनिंग प्रांतात जुन्या तळ्यांचा गाळ आहे. त्यावर ज्वालामुखीची बारीक राख पडत राहिली, म्हणून तिथे मऊ भागांचेही ठसे टिकले. १९९६ साली तिथल्या एका शेतकऱ्याला फरशी फोडताना एक लहान डायनोसॉर मिळाला. दगड दुभंगून दोन फाळके झालेले. त्याने एक फाळकं एका संस्थेला विकलं, दुसरं दुसरीला! शेतकरी हुशार. त्या जनावराच्या मानेपासून शेपटीपर्यंत मऊ तंतूंची झालर होती. उडायचा प्रश्नच नव्हता. ती ऊब धरण्यासाठी असावी. त्याचा फोटो त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या परिषदेत आला तेव्हा ऑस्ट्रॉम अडुसष्ट वर्षांचे होते. जन्मभर जे सांगितलं ते त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळालं. पुढे २०१० साली त्या तंतूंमधले रंगाचे सूक्ष्म कण तपासले गेले. त्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते. साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या जनावराचा रंग कळतो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो.

चीनमधून मग रांगच लागली. चार पंखांचा मायक्रोरॅप्टर आला, दात नसलेल्या चोचीचा कन्फ्युशिऑर्निस आला. कॉडिप्टेरिक्सच्या पोटात तर खडे होते, आमच्या कोंबडीच्या पोटात निघायचे तसेच. लबाडीही झाली. १९९९ साली एका नामवंत अमेरिकन मासिकाने ‘आर्किओरॅप्टर’ म्हणून वाजतगाजत छापलेला नमुना पुढच्याच वर्षी खोटा ठरला. धड एका पक्ष्याचं, शेपटी डायनोसॉरची, मध्ये गोंद. दोन वेगळ्या गझलांचे शेर जोडून तिसऱ्याच्या नावावर खपवावेत, तसला प्रकार. तो उघडकीला आणला शू शिंग या चिनी शास्त्रज्ञानेच. आणि शोध थांबलेले नाहीत. २०२५ साली चीनच्याच फूजियान प्रांतातला, आर्किऑप्टेरिक्सच्याच काळातला एक पक्षी जाहीर झाला, बामिनॉर्निस. त्याची शेपटी मात्र आजच्या पाखरांसारखी आखूड, टोकाची हाडं जुळून एक झालेली. म्हणजे पक्ष्यांची कहाणी आर्किऑप्टेरिक्सच्याही मागे जाते.

पुतणी म्हणाली, ‘‘सगळं जर्मनीत नाही तर चीनमध्ये. आपल्याकडे काहीच नाही?’’

आहे. लाव्ह्याच्या खाली, तो वाहत येण्यापूर्वीची जमीन जिथे उघडी पडली आहे तिथे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावच्या शिवारात डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ साली त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश ओळखले गेले. डायनोसॉर गवत खात होते हे जगाला कळलं ते आपल्या विदर्भातल्या पोवट्यांवरून. नर्मदेच्या खोऱ्यात तर अंड्यांची शेतंच आहेत. धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षीच्या मुलखातली बाण्णव घरटी आणि दोनशे छप्पन्न अंडी २०२३ साली नोंदली गेली. ती लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य डायनोसॉरांची. त्याआधी २०२२ साली दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांतलंच एक अंडं जाहीर केलं होतं, अंड्याच्या आत अंडं असलेलं. कोंबड्या पाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पोटात तयार झालेलं अंडं कधी माघारी सरकतं आणि त्याच्यावर दुसरं कवच चढतं. आमच्या दादीने असं एक अंडं गावभर दाखवलं होतं. पण कासवा-सुसरींच्या अंड्यांत असं कुणी पाहिलेलं नव्हतं. डायनोसॉरची अंडी घालायची रीत कासवापेक्षा पाखराला जवळची असावी, हे त्या एका सदोष अंड्याने सुचवलं.

खरी पाखरं आहेत ती गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या कोळशाच्या खाणीत. ती साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासची, म्हणजे लाव्हा थंडावल्यानंतरची. त्यांतल्या पोपटांच्या नात्यातल्या एका पाखराला ‘वस्तानाव्हिस’ असं नाव २००७ साली मिळालं. आणि महाराष्ट्रातलंच हवं असेल तर चाळीसगावजवळचं पाटणे आहे. तिथल्या उत्खननात एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. खानदेशात शहामृग! ही गोष्ट अगदी अलीकडची, माणसाच्या देखतची.

आता आपल्या कातळाकडे परत येतो. पाखरू नसलं तरी या कातळात पाखरांच्या कहाणीतलं फार मोठं वळण आहे. भूशास्त्रज्ञांनी लाव्ह्याचे थर वेगवेगळे ओळखून त्यांना नावं दिली ती आपल्याच गावांची. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आणि वरच्या भागातल्या अशा सगळ्या थरांना मिळून म्हणतात ‘वाई उपगट’. जगातल्या ग्रंथांत हे वाईचं नाव असतं. कारण हे थर वाहिले त्याच सुमारास आकाशातून एक प्रचंड अशनी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळला आणि पृथ्वीवरचे डायनोसॉर संपले. मारलं कुणी, अशनीने की आपल्या सह्याद्रीने, हा वाद जुना आहे. १९८० पासून अशनीचं पारडं जड होत गेलं, तरी लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा वाटा किती, यावर अजून भांडण आहे. आंबेनळीसारख्या घाटात रस्त्याच्या कडेला काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा निवून त्याची माती झाली आणि मग दुसरा आला, त्या मधल्या काळाची ती खूण. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी असल्या तांबड्या थरांत अडकलेल्या राखेतले बारीक स्फटिक वेचून त्यांचं वय काढलं. बर्कलेच्या लोकांनी कातळातल्याच स्फटिकांचं काढलं. २०१९ साली दोघांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. पहिले म्हणाले, मोठा लोंढा अशनीच्या थोडा आधी आला. दुसरे म्हणाले, बहुतेक लाव्हा नंतरचा. सातारा जिल्ह्याच्या दगडांवरून चाललेला हा वाद आपल्याकडे मात्र कुणाच्या गावी नाही.

त्या आगीतून आणि अंधारातून डायनोसॉरांची एकच शाखा वाचली, पाखरांची. तीही सगळी नाही. दात असलेले पक्षी संपले. तेव्हा झाडांवर ज्यांचं राज्य होतं ते पक्षीही गेले, कारण जंगलंच जळाली-मेली. वाचले ते बहुधा लहान, जमिनीवर चालणारे, चोचीने दाणे-किडे टिपणारे. पानं-फळं संपली तरी मातीत बी शिल्लक राहतं ना. बेल्जियममधल्या एका खाणीत त्या प्रलयाच्या थोडं आधीच्या, सहा कोटी सदुसष्ट लाख वर्षांपूर्वीच्या पक्ष्याची कवटी मिळाली; २०२० साली तिची माहिती आली. लाव्याएवढं नव्हे, लहानशा बदकाएवढं पाखरू. तोंड काहीसं कोंबडीचं, काहीसं बदकाचं. शास्त्रज्ञांनी त्याला लाडाने ‘नवलाची कोंबडी’ म्हटलं. उकिरडा उकरणारी ती साधीसुधी जमात टिकली आणि डोंगराएवढे गेले.

पुतणीला मी हे सगळं सांगितलं ते एका रविवारी, सांगलीत, रश्श्यातलं ते हाड ताटाच्या कडेला ठेवून. तिने ते धुतलं, पुसलं आणि विचारलं, ‘‘पण हे आहे कशासाठी?’’

तिला अब्बांचं उत्तर सांगितलं. मग पुढचंही सांगितलं. १९८८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी आपल्या भोरडीच्या कुळातला एक पक्षी वाऱ्याच्या बोगद्यात उडवला आणि उडताना त्याचं क्ष-किरणांनी चित्रीकरण केलं. पंख खाली येताना बेचकीची टोकं फाकत होती, जवळजवळ दीडपट. पंख वर जाताना ती पुन्हा जवळ येत होती. दर फडफडीला. म्हणजे हाड आडसराचं काम करतंच, शिवाय कमानीसारखं ताणलंही जातं. मात्र टायरॅनोसॉरस काही उडत नव्हता, तेव्हा हे हाड पंखांच्या आधीचं. पाखरांना ते वारशात मिळालं आणि त्यांनी ते आपल्या कामाला लावलं.

अब्बांनी सांगितलं होतं ते त्या प्रयोगाच्या सात-आठ वर्षं आधी, कुणाच्या तरी परसात, हात धुता धुता. त्यांचं बरंचसं बरोबर होतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. पुतणीने ते हाड ओढून मोडलं नाही. कंपासपेटीत घालून साताऱ्याला नेलं.